समुद्राकाठी घर झाल्यावर नाशिकचे घर ठेवावे का?

तपोवनची लेक (वुलनगाँग)
सिडनीच्या दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटरवर असलेल्या वुलनगाँगजवळ, खिडकी बंद केल्यावरही रात्री लाटा ऐकू येतील इतक्या अंतरावर, आम्ही 8 महिन्यांपूर्वी घर घेतले. गंगापूर रोडवरची आमची सदनिका, आई भावाकडे पुण्याला गेल्यापासून, 3 वर्षे कुलूपबंद आहे. ती आता विकून टाकावी, असे माझे ठाम मत आहे. पैशांची नड हे त्यामागचे कारण नाही. ‘दोन-चार वर्षांनी परत जायचेच आहे’ असे म्हणत आम्ही इथल्या भाड्याच्या घरात 11 वर्षे काढली आणि तेवढ्या काळात एकही रोप कुंडीतून जमिनीत लावले नाही. नव्या घरातसुद्धा देव पहिले दोन महिने पुठ्ठ्याच्या खोक्यावरच होते.

आईने फोनवर बजावले होते की स्वयंपाक पूर्वेकडे तोंड करून करावा. इथे पूर्वेला समुद्रच आहे आणि ओट्यापाशी उभे राहिले की सूर्य पाण्यातून वर येताना दिसतो. आम्हा नाशिककरांचा समुद्र म्हणजे मे महिन्यातले कोकण, आणि तिथे तर सूर्य पाण्यात बुडतो! इथे तो दुपारी उत्तरेच्या अंगाने जातो, त्यामुळे थंडीत उत्तरेची खोलीच ऊबदार राहते, आणि पश्चिमेला इलावाराचा उंच कडा असल्याने घड्याळात संध्याकाळ होण्याआधीच अंगणात सावली उतरते. हे सगळे अंगवळणी पडायचे तर मन इथे असावे लागते. नाशिकची किल्ली मी अजून पर्समध्ये बाळगते, आणि ती हाताला लागली की मी इथे पाहुणी होते.

पंचवटीचा जुना रहिवासी
ताई, वर्णन आवडले, परंतु निष्कर्ष मान्य नाही. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर, म्हणजे आपल्या घरापासून सिडनी आहे तेवढ्याच अंतरावर; तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून कोणी तिच्या उगमाचा ब्रह्मगिरी डोंगर विकायला काढत नाही.

माझ्या पुतण्याचे बंद घर 7 वर्षे मी सांभाळतो आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी जातो, सगळे नळ पाच मिनिटे सोडून ठेवतो, पावसाळ्यात कपाटांची दारे उघडतो आणि डांबराच्या गोळ्या बदलतो. तो दोन वर्षांतून एकदा बारा दिवसांसाठी येतो, आपल्या न्हाणीघरात अंघोळ करतो आणि मिसळ खायला बाहेर पडतो. या घरामुळे तो तिकडे उपरा राहिला, असे मला तरी दिसलेले नाही. शिवाय पाण्याजवळचे घर किती भरवशाचे असते, हे आम्हा गोदाकाठच्या लोकांना विचारा. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली होती. पण निदान गंगापूर धरणातून किती विसर्ग होणार ते आम्हाला आधी कळते.

कॉलेज रोड, तिसरा मजला
काकांचा दाखला सुंदर आहे, पण गोदावरीला सोसायटीचे देखभाल शुल्क भरावे लागत नाही. आमच्या इमारतीत 20 पैकी 6 सदनिका बंद आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या एकीतून खालच्या आजींच्या छतावर दीड महिना पाणी झिरपत होते, कारण किल्ली शिकागोला होती. आठवणी मालकाच्या आणि ओल शेजाऱ्याची, असा हा व्यवहार आहे. काकांसारखा माणूस प्रत्येकाला मिळत नाही. ताई, विकायचे नसेल तर निदान भाड्याने तरी द्या.

द्राक्षबाग, पिंपळगाव
सदनिका खुशाल विका. घरात शेतजमीन असेल तर तिला मात्र हात लावू नका. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआयधारकाला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकाला) सदनिका पुन्हा विकत घेता येते, शेतजमीन घेता येत नाही. ती वारसाने आली तरच.

न्यूकॅसलचा नाशिककर
मी याच किनाऱ्यावर 15 वर्षे राहतो आहे. विकू नका असे मी म्हणणार नाही, परंतु पहिल्या वर्षात विकू नका असे जरूर म्हणेन, कारण खाऱ्या हवेतले घर काय मागते ते एक पूर्ण वर्ष गेल्याशिवाय कळत नाही. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, बिजागऱ्या, कपड्यांच्या दोरीचे हुक या सगळ्यांना आधी गंज धरतो. नवीन काही बसवताना 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील मागा आणि खिडक्यांच्या चौकटी गोड्या पाण्याने धूत राहा. विम्याची कागदपत्रेही पुन्हा वाचा, कारण समुद्राच्या लाटांनी होणारी हानी अनेक पॉलिसींमध्ये सरळ वगळलेली असते. आणि पाण्यात उतराल ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. गोदेत पोहायला शिकलेल्या माणसाला आत ओढून नेणारा प्रवाह ओळखता येत नाही, हे मी नाकातोंडात पाणी गेल्यावर शिकलो.

आता विक्रीविषयी. गेल्या वर्षी मी जेल रोडचे घर घाईने विकले. विक्रेता अनिवासी असला की खरेदीदाराने किमतीतून 1 टक्का कर कापून घेण्याचा नेहमीचा नियम चालत नाही. दीर्घकालीन नफ्यावरच्या कराचा दर 12.5 टक्के, त्यावर उपकर, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी घेतले नसेल तर ही कपात बहुधा नफ्यावर न होता संपूर्ण किमतीवर होते. मी ते घेतले नव्हते. परतावा अजून आलेला नाही.

तपोवनची लेक
प्रमाणपत्राची माहिती मला नव्हती, त्याबद्दल आभार. भाड्याचा पर्याय मला पटत नाही, कारण भाडेकरूच्या गळक्या नळासाठी रात्री उठणे म्हणजे मन पुन्हा तिथेच गुंतवणे आहे. मत बदललेले नाही. वर्ष पूर्ण होऊ द्यायला मात्र मी तयार आहे.

पंचवटीचा जुना रहिवासी
एक विचारायचे राहिले. सदनिका कोणाच्या नावावर आहे?

तपोवनची लेक
बाबांनी ती आईच्या आणि माझ्या नावावर घेतली होती.

पंचवटीचा जुना रहिवासी
मग अनिवासी म्हणून जी कपात होईल ती आपल्या हिश्श्यावर, आईंच्या नव्हे. आणि त्यांचे मत या साऱ्या चर्चेत कुठेच आलेले नाही.

तपोवनची लेक
खरे आहे, काका. तिला मी अजून विचारलेले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातील आणि पुण्यातल्या दिवेलागणीला इथे मध्यरात्र उलटलेली असेल, म्हणून त्याआधीच, या शनिवारी तिला फोन करते.