विल्यम्स सिंड्रोम असलेल्या मुलाची भीती: गोव्यात कोणाला दाखवावं?

फोंडेकरीण: मुलगा नऊ वर्षांचा, विल्यम्स सिंड्रोम, म्हणजे जन्मजात जनुकीय विकार, हृदयावरही परिणाम करणारा. हृदयाची तपासणी नियमित चालू आहे, प्रश्न मनाचा आहे. चतुर्थीच्या आरतीत घुमटाचा ठेका चुकवत नाही, अनोळखी माणसाशीही गप्पा मारतो. पण दिवाळी जवळ आली की झोप उडते. इथे दिवाळीला ढणढणाटात नरकासुराचा पुतळा जाळतात, त्याचं नाव काढलं तरी कान झाकून बसतो. आता शाळेला निघताना पोटही दुखतं. डॉक्टर म्हणाले, "या सिंड्रोममध्ये असं असतंच." असतंच म्हणून सोडून द्यायचं का?

म्हापशाची_मावशी: अजिबात नाही! माझ्या भाचीलाही हेच आहे. सातव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे आवाज खरंच जास्त टोचतो. ही मुलं बोलकी, हसरी, म्हणून आतली चिंता कोणाला दिसतच नाही. पण कारण जनुकात असलं तरी चिंतेवर उपचार होतात. आधी बालविकासतज्ज्ञाला दाखवा, सेतू किंवा संगत या संस्थांत विचारा. मानसोपचारतज्ज्ञ हवा असेल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. आम्ही फटाक्यांचा व्हिडिओ अगदी बारीक आवाजात लावायचो आणि आवाजाचं बटण तिच्याच हातात द्यायचो. नको वाटलं की ती बंद करायची. तिच्या कलाने हळूहळू वाढवला. कान झाकणारे हेडफोन गर्दीत द्या, दिवसभर नको. आणि पोटदुखीला नाटक म्हणू नका, बालरोगतज्ज्ञाकडून पोट तपासून घ्या. या मुलांना बद्धकोष्ठाचा त्रासही असतो.

बांबोळी_रोड: मावशींशी सहमत. एक भर घालतो, कारण ही गोष्ट राहून जाते. चिंतेचं किंवा चंचलपणाचं औषध सुचवलं तर सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. दातांसाठी वगैरे भूल द्यायची वेळ आली तर सिंड्रोमचं नाव आधीच सांगा, यांना भुलीचा धोका जास्त असतो. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व मनाने देऊ नका. रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं.

फोंडेकरीण: मावशी, भाची शाळेत कशी रमली? आमच्या बाई म्हणतात, एवढा हसरा मुलगा, त्याला कसली भीती.

म्हापशाची_मावशी: डॉक्टरांकडून लेखी घेऊन शाळेत द्या. घंटा वाजण्याआधी बाईंनी त्याला खूण करावी, स्नेहसंमेलनात स्पीकरपासून लांब बसवावं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा सोयी देणं शाळेवर बंधनकारक आहे, बाईंना गोडीने सांगा. आणि अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, हे घरी खेळातून रोज घोकून घ्या. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.