घरचा वस्ताद : नवऱ्याला-बायकोला व्यायामाला लावल्याचे अनुभव

राजारामपुरी (धागा माझाच)

शाळेत असताना कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या तालमीत जायचो. जोर, बैठका, थोडी लाल माती अंगाला लागलेली. आता वय ४१. पोट सुटलंय पण सवय सुटली नाही, आठवड्यातून तीनदा जिम असतेच. बायको ३८ ची. शाळेतल्या कवायतीनंतर तिनं व्यायाम असा कधी केलेला नाही. गेल्या महिन्यात गॅसवाला सिलिंडर दारात ठेवून गेला, मी ऑफिसात. तिनं तो एकटीनं आत ओढला आणि कंबर धरली. आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं तेवढंच वजन, म्हणजे तीस किलोचा ऐवज. चार दिवस शेक झाला आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "मला बारीक नाही व्हायचं. ताकद पाहिजे. शिकवा."

मला काय, जत्राच. वहीत तक्ता आखला. पहिल्याच दिवशी वीस-वीस बैठकांच्या तीन फेऱ्या, वर गुडघे टेकून दहा जोर. तिनं केलंही सगळं, दात-ओठ खाऊन. दोन दिवसांनी बघतो तर जिन्यावरून कठडा धरून उलटी उतरत होती. मी हसलो. तिथंच माती खाल्ली. गुरुवारपर्यंत आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

तर ज्यांनी नवऱ्याला किंवा बायकोला अगदी शून्यापासून या वाटेला लावलंय, त्यांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा. फसलेलं असलं तरी चालतंय.

कसबा बावडा

आमच्यात उलटं. मी शाळेत खो-खो खेळलेली, आणि आमचे हे उंचीला पाच फूट आठ इंच, वजन ५२. लग्नाच्या फोटोत मीच रुंद दिसते. चौतिसाव्या वर्षी जिम लावली, तीन महिने नेमानं गेले, काटा ५२ वरच. "माझ्या अंगालाच लागत नाही," हे पालुपद.

मी तीन दिवस गुपचूप कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं, पोटात काय काय जातंय ते. चहा पाच कप. सकाळी पोहे. डब्यात दोन चपात्या आणि वांग्याची भाजी. संध्याकाळी ऑफिसजवळ मिसळ, रात्री आमटी-भात. प्रथिनं मोजली तर कशीबशी ४० ग्रॅम. रविवारी मटण केलं की हा माणूस पांढरा रस्सा चार वाट्या पितो, तांबडा दोन, आणि फोडी खातो तीन! बाकीच्या पोराच्या ताटात. रश्शाला चव आहे हो, पण अंगाला लागतं ते फोडीत असतं.

वजनं उचलणाऱ्याला अंगाच्या वजनाच्या किलोमागं दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. म्हणजे यांना ८३. मग असं बसवलं : चार अंडी, त्याची २४. म्हशीचं अर्धा लिटर दूध, त्याची १८-२०. घट्ट उसळ दोन वाट्या, १२ धरा. तीस ग्रॅम सोयाबीन वड्या, १५. उरलेलं भाकरी-चपातीतून येतं. वड्या त्यांना बघवत नव्हत्या. मी भिजवून, पिळून, मिक्सरला फिरवून खिम्यासारख्या केल्या आणि वर कांदा-लसूण चटणी मारली. पहिल्या दिवशी तर खिमाच समजून खाल्ला. गुरुवारी आणि अख्ख्या श्रावणात अंडी बंद, तेव्हा पनीर आणि भाजके शेंगदाणे.

सात महिन्यांत साडेचार किलो वाढले. सदरा आता खांद्यावर बसतो, आधी हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा. जिमच्या दारात मी एकदाही गेलेली नाही.

मंगळवार पेठ

वय ६७. ग्रॅम मोजत बसलाय होय? आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी वीस बैठका सांगितल्या आणि एकविसावी मारू दिली नाही. पुढच्या आठवड्यात पाच वाढवल्या. तेच आता जिमवाले इंग्रजीत सांगतात आणि पैसे घेतात. राजारामपुरीवाल्या भावा, तू तालमीतला आणि पहिल्या दिवशी घरच्या माणसाला साठ? वस्तादाचं नाव घालवलंस.

आणखी एक. थंडाई, बदाम, तूप हा खुराक हजार बैठका मारून वर तासभर लढत करणाऱ्याचा. खुर्चीवर बसणाऱ्याला घातला तर पोट तेवढं पैलवान होतंय. पावडरीचे डबे तर घरात आणूच नका. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकहून कुस्तीतलं ब्राँझ आणलं ते काय पावडर खाऊन?

कळंबा

मी ४६ ची. पाळी जायच्या सुमाराला कंबर, गुडघे, सगळंच कुरकुरायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालता ते ठीक, पण थोडं वजन उचलायला शिका, हाडांवर भार आला तर ती टिकतात. मिस्टर खूश. मला स्वतःच्या जिमला घेऊन गेले. तिथं सगळे पुरुष, मोठ्यानं गाणी, आणि हे शेजारी उभे राहून "पाठ सरळ, पाठ सरळ, अगं पाठ!" लोक बघायला लागले. येताना स्कूटरवर मागं बसून मी रडले, हेल्मेटमुळं कुणाला कळलं नाही.

महिनाभरानं मी माझी माझी जिम शोधली आणि घरात एकच अट घातली. सकाळी सहा ते सात मी या जगात नाही. आमच्याकडं नळाला पाणी नेमकं त्याच वेळी येतं. पाणी भरणं, मुलाचा डबा, सासऱ्यांचा चहा हे सगळं त्यांच्याकडं. पहिल्या आठवड्यात रोज फोन : जिऱ्याचा डबा कुठाय, कुकरला पाणी किती. मी फोन लॉकरमध्ये ठेवायला लागले. खरं सांगते, मला त्यांची गरज जिममध्ये नव्हतीच, ओट्यापाशी होती. आता फोडणी माझ्यापेक्षा बरी घालतात.

तिथल्या ट्रेनरनं आधी हातात एक-एक किलोची गुलाबी डंबेल्स दिली. माझी मंडईची पिशवीच पाच किलोची असते, म्हटलं. मग दुसऱ्या एका मुलीनं नीट सुरू केलं. नुसतं खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, आठ वेळा, तीन फेऱ्या. आठवड्यातून दोनच दिवस. ते सोपं वाटायला लागल्यावर चार किलोचं डंबेल छातीशी धरून. एकाच वजनानं सलग दोन दिवस बारा वेळा आरामात जमलं की पुढचं वजन, हा तिचा नियम. चौदा महिन्यांनी आज मी १६ किलोचं धरून बसते-उठते, आणि जमिनीवरून ४० किलोचा बार उचलते.

आता काट्याची गंमत. सुरुवातीला ६४ किलो, आज ६३. सहाव्या महिन्यात मी वैतागून सोडणारच होते. त्याच आठवड्यात महाद्वार रोडला ब्लाउज शिवायला टाकला. शिंपीकाका गेली वीस वर्षं माझी मापं घेतात. टेप दंडाला लावला, वहीत बघितलं, परत लावला. "वहिनी, दंड अर्धा इंच वाढलाय. कंबर दीड इंच उतरलीय. वही चुकली की काय?" वजनकाट्यानं जे सांगितलं नाही ते टेपनं सांगितलं. आणि ज्या बायकांना भीती वाटते की दंड पैलवानासारखे दिसतील, त्यांना एवढंच सांगते की त्याला लागणारं पुरुषी हार्मोन आपल्यात फार थोडं असतं. चौदा महिने घासून माझा वाढलाय तो अर्धा इंच.

उचगाव

हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्या यांनी मित्रांशी पैज लावून एका दमात ३०० बैठका मारल्या. त्याआधी सहा वर्षं काही नाही. मी टाळ्या वाजवत होते, हे आधी कबूल करते. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या, सुजलेल्या. आधी जिथं गेलो तिथं वेदनाशामक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, घरी थांबू नका. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढतं ते, भयंकर वाढलेलं. अतिश्रमानं स्नायू फुटतात, त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि ते मूत्रपिंडाला झेपत नाही, असं तिथं समजावलं. चार दिवस सलाईन. थोडक्यात वाचलो.

नव्या माणसाचं अंग दोन-तीन दिवस दुखणारच, ते आपोआप जातं. पण सूज आणि गडद लघवी दिसली तर तेल चोळत बसू नका. दोन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून यांनी परत सुरू केलं. दहा बैठकांपासून. आकडा मी मोजते, आणि दहा झाल्या की पुढं मोजतच नाही.

शाहूपुरी

आमचं जमलं नाही. तीन वेळा सुरू केलं, तिन्ही वेळा भांडणावर संपलं. बायको आता मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळते आणि मजेत आहे. मी विषय काढत नाही.

साने गुरुजी वसाहत

मंगळवार पेठेतल्या काकांना नमस्कार. पावडरीवरून आमच्याकडंही महाभारत झालं. बायको शाकाहारी, अंडंही नाही. मी व्हेचा, म्हणजे दुधाच्या प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला. आईनं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "कसलं खत हे? हिची दाढी-मिशी उगवायची." समजावून थकलो. मग एका रविवारी ती पनीर करत होती. दूध फाटलं, पिवळसर पाणी उरलं, ते तिनं नेहमीप्रमाणं कणीक भिजवायला बाजूला ठेवलं. म्हटलं, आई, असल्याच पाण्यातली प्रथिनं गाळून वेगळी काढली आणि वाळवून डब्यात भरली की ते खत. थोडा वेळ गप्प बसली. "मग एवढं महाग का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. डब्यातल्या मापाच्या एका मोठ्या चमच्यात २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, बायकोला एक चमचा बास होतो, बाकीचं डाळी-दुधातून. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

रंकाळा

हे ५८ चे, साखर आणि बीपी दोन्ही. दहा वर्षं रंकाळ्याला नुसतं चालणं, म्हणजे अर्धं चालणं आणि अर्धं बाकड्यावर राजकारण. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू साखर खर्च करतात, ते वाढवा. आता भिंतीला हात लावून जोर, आणि रबरी पट्टा ओढणं, सोमवार आणि शुक्रवार. जोर लावताना श्वास कोंडून धरायचे, तोंड लालबुंद. बीपीच्या माणसाला ते वाईट. मी युक्ती केली. आकडे त्यांनीच मोठ्यानं मोजायचे. मोजताना श्वास कोंडता येत नाही. शेजारी आता विचारतात, "आज बाराच?"

राजारामपुरी

दोन महिन्यांनी परत आलो. काका, मान खाली घालून कबूल. तक्ता फाडला, दुसरा आखला नाही. कळंब्याच्या ताईंची खुर्ची आम्ही उचलली : आठ वेळा, तीन फेऱ्या, मंगळवार आणि शनिवार. त्या वेळी मी धाकटीला घेऊन गच्चीवर जातो, दार ओढून. सिलिंडर उचलायची रीत मात्र तिनं विचारली म्हणून दाखवली. पाय टाकीच्या दोन्ही बाजूंना, कंबरेत न वाकता ढुंगण मागं, टाकी अंगाजवळ. पाण्याच्या अर्ध्या बादलीवर महिनाभर सराव केला, मग रिकाम्या टाकीवर.

परवा घरी आलो तर नवी टाकी शेगडीखाली जोडलेली, रिकामी दाराबाहेर. गॅसवाल्यानं आत आणून दिली का, म्हणून विचारलं. "तो कधी आणून देतो?" म्हणाली. मग रिकामी उचलून दाखवली, शेजारणीसमोर. झकास उचलली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मान जरा सरळ."

टाकी खाली ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. मी चहा टाकायला आत गेलो.