एचबीएवनसी ६.१ आणि उपाशी साखर ९६, शिबिरात कोणता आकडा धरायचा?

शिबिरवाला: नंदुरबारकडे मधुमेहपूर्व स्थितीची तपासणी चालू आहे. काही बायकांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ५.९ ते ६.२ येतंय, म्हणजे मधुमेहपूर्व, पण उपाशी साखर ९०-९६, म्हणजे ठीक. हिमोग्लोबिन ९च्या आसपास, म्हणजे कमीच. प्रीडायबेटिक म्हणून नोंद करायची का?

लाल_पेशी: नुसत्या एचबीएवनसीवर नको. लोह कमी असलं की नव्या तांबड्या पेशींची भर मंदावते. उरतात त्या जुन्या, साखरेत जास्त दिवस मुरलेल्या. आकडा फुगतो, आणि लोहाच्या गोळ्या लागू पडल्या की उतरतो. शिवाय तुमच्या भागात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. त्या रुग्णांच्या पेशी लवकर फुटतात, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. तिथे एचबीएवनसी धरूच नका.

जीटीटी, म्हणजे ग्लुकोज पाजून साखर मोजायची चाचणी, करा. आधीचे तीन दिवस भात-भाकरी नेहमीसारखी हवी. उपासतापास करून आलेल्या बाईची साखर उगाच चढते. रात्रीपासून ८ तास तरी पोटात पाण्याखेरीज काही नको. ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. डब्यावर 'मोनोहायड्रेट' असेल तर ८२.५ ग्रॅम घ्या, हे हमखास चुकतं. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे, बसवून ठेवायचं. ओकारी झाली तर तपासणी बाद. दोन तासांनी साखर १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व, २०० किंवा पुढे मधुमेह.

बर्फाची_पेटी: ते ९६ तरी खरे आहेत का? नळीतल्या पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. १०४ ची साखर दोन तास जीपमध्ये फिरली की ९२ वर येते. करड्या झाकणाची, पेशींचं साखर खाणं थांबवणारी फ्लोराइड नळी वापरता म्हणून निर्धास्त राहू नका, फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. नळी लगेच बर्फात ठेवा, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा काढा.

शिबिरवाला: सेंट्रिफ्यूज तालुक्याला आहे, ते गावात हलवतो. जीटीटीत १४० च्या वर निघाल्या तर? सरसकट मेटफॉर्मिन (साखर कमी करणारी गोळी)?

लाल_पेशी: सरसकट नाही. भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम या मधुमेहपूर्व लोकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले, आहार-चालणं सांभाळलेल्यांत ३९.३, मेटफॉर्मिनवर ४०.५. दोन्ही एकत्र दिले तरी ३९.५च. गोळीचा डोस २५० मिलिग्रॅम दोनदा, एवढा कमी होता. आधी रोज अर्धा तास झपझप चालणं लावा, गोळीचं डॉक्टर ठरवतील. आणि गरोदर बाई जेवून आली तर परत पाठवू नका: तेच ७५ ग्रॅम द्या, दोन तासांनी १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरा.