मदत हवी आहे: मुंबईत उतरून पुण्याला विमानानेच जावं का?

मंडळी, आई-बाबा परदेशातून रात्री दोनच्या सुमारास मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर उतरणार आहेत. पुढे पुण्याचं विमान घ्यावं की थेट टॅक्सी?

सरळ रेषेत अंतर जेमतेम १२० किमी, रस्त्याने साधारण १५०. वेळापत्रकात विमानाला तासभर दाखवतात, पण त्यातला हवेतला वेळ अर्ध्या तासाच्या आसपासच. बाकीचा धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात आणि उतरायची पाळी येण्यात जातो. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, तिथेही थांबावं लागू शकतं.

खरी अडचण बॅगांची. पुण्यापर्यंत टॅग लावला असला तरी इमिग्रेशननंतर बॅगा मुंबईतच उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिकिटं वेगवेगळी असतील तर आणखी पंचाईत: परदेशी तिकिटावर दोन बॅगा २३-२३ किलोच्या, देशांतर्गतवर बहुधा १५ किलोच. जादा वजनाचे पैसे टॅक्सीच्या भाड्याला गाठतील! शिवाय काउंटर तासभर आधी बंद.

टॅक्सीने रात्री साडेतीन तास धरलेत. धास्ती आहे ती खंडाळा घाटाची. चढावर एक ट्रेलर बंद पडला की मागे सगळी रांग.

दोघांनाही व्हीलचेअर लागते. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर मधे किमान किती तास ठेवावेत? व्हीलचेअरवाला बॅगा पुन्हा देईपर्यंत सोबत राहतो का? आणि शनिवारी पहाटे घाट मोकळा मिळतो का?