मदत हवी आहे: रावेतमध्ये (पिंपरी-चिंचवड) रीसेलचे भाव उतरलेत. पहिले घर आता घ्यावे की थांबावे?

भाडेकरू_रावेत
नमस्कार. पहिलेच घर घ्यायचे आहे. पगार एकट्याचाच आहे: हातात १.२० लाख, नव्या पद्धतीने करपात्र उत्पन्न साधारण १६ लाख. गाडीचा हप्ता ९,५००, भाडे १९,०००. एफडी आणि फंड मिळून २१ लाख जमा आहेत.

दोन पर्याय आहेत.
अ) बांधकाम चालू असलेला २ बीएचके, "सगळे मिळून ७४ लाख", ताबा डिसेंबर २०२८. बिल्डर म्हणतो, ताब्यापर्यंत ईएमआय नाही.
ब) पाच वर्षे जुना २ बीएचके. मालक ६८ सांगत होता, आता ६२ ला तयार आहे. एजंटच्या मते सरकारी मूल्यांकन ७० लाख येते. मालकाचे कर्ज अजून बाकी आहे.

बँकेने ६० लाखांपर्यंत कर्ज मिळेल असे सांगितले आहे. मग ६२ ला 'ब' उचलणे हा सरळ फायद्याचा सौदा आहे ना?

मुद्रांकवाला
नाही. ६२ ला घेतलात तर ६३.७५ ला घेण्यापेक्षा महाग पडेल. कसे ते सांगतो.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचे (सरकारी दरतक्त्याचे) मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते. पिंपरी-चिंचवड हद्दीत ५ टक्के मूळ, १ टक्का एलबीटीचा (स्थानिक संस्था कराचा) आणि १ टक्का मेट्रोचा, असे ७ टक्के. ७० लाखांवर ४.९० लाख झाले, नोंदणीचे ३० हजार वेगळे. भाव ६२ वर आला काय, ५८ वर आला काय, हा आकडा हलत नाही.

दुसरा फटका आयकराचा. सरकारी मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर सगळा फरक खरेदीदाराचे 'इतर उत्पन्न' धरला जातो. १० टक्क्यांच्या वरचाच भाग नव्हे, पूर्ण फरक. ६२ चे १० टक्के ६.२० लाख आणि तुमचा फरक ८ लाख. तुमच्या १६ लाखांवर हे ८ लाख चढले की पहिल्या ४ लाखांवर २० टक्के, पुढच्या ४ लाखांवर २५ टक्के. म्हणजे १.८० लाख, सेस धरून १.८७ लाख.

आता किंमत ६३.७५ धरा. फरक ६.२५, मर्यादा ६.३७. कर शून्य. म्हणजे १.७५ लाख वाचवायला जाऊन १.८७ लाख भरायचे. ७० ला १.१ ने भागा, ६३.६४ येते. ही तुमची रेषा. तिच्या खाली जायचेच असेल तर चांगले खोल जा, काठावर थांबू नका.

विक्रेत्यालाही हीच १० टक्क्यांची अट आहे. ती मोडली तर त्याचा भांडवली नफा ७० लाख धरून मोजतात. हे त्याच्या सीएने सांगितले की तो स्वतःच ६२ वरून मागे सरेल.

हप्तेबंद
६० लाखांची पात्रता विसरा, तुमची अडचण रोख रकमेची आहे. घरकर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ८० टक्क्यांपर्यंतच मिळते. तेही करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्यूअरचा (घराचे मूल्य ठरवणाऱ्याचा) आकडा यांपैकी जो कमी असेल त्यावर, आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. उतरत्या बाजारात व्हॅल्यूअर हात आखडता घेतो. तो ६० म्हणाला तर कर्ज ४८ लाख.

किंमत ६३.७५ धरून खिशातून घालायचे पैसे:
किंमत आणि कर्जातला फरक १५.७५ लाख
मुद्रांक आणि नोंदणी ५.२०
दलाली १ टक्का ०.६४
सोसायटीचे हस्तांतर शुल्क ०.२५ (यापेक्षा जास्त घेता येत नाही, 'देणगी' मागतील)
वकील, प्रोसेसिंग, गहाणाचे मुद्रांक मिळून ०.५०

एकूण २२.३४ लाख. तुमच्याकडे २१ आहेत, आणि पंखे, गिझर, ट्रॉल्या अजून यात नाहीतच. शिवाय सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय एकट्या पगारावर कर्ज उचलू नये. हप्ता ४८ लाखांना ८ टक्क्यांनी २० वर्षे म्हणजे सुमारे ४०,१५०. दर ९ झाला तर ४३,१९०. हप्ता पेलेल. करारानंतर खिशात काय उरते, ते बघा.

गच्चीवरून
'अ' बद्दल थोडक्यात. ७४ फोडून बघा: करारमूल्य सुमारे ६५.८०, ५ टक्के जीएसटी ३.२९, मुद्रांक ४.६१, नोंदणी ०.३०. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, म्हणजे हे ३.२९ लाख केवळ वाट पाहण्याबद्दल भरायचे.

"ताब्यापर्यंत ईएमआय नाही" यात तोवरचे व्याज बिल्डर भरतो, पण कर्जदार तुम्हीच असता. बिल्डरने व्याज भरणे थांबवले की बँक तुमच्या दारात येते आणि सिबिल (कर्जफेडीची पत) तुमचे बिघडते. ही योजना नको म्हणा, हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडायला सांगा. पण तेही सोपे नाही: कर्जातले २६ लाख सुटले की नुसते व्याज महिन्याला १७,३०० आणि भाडे १९,००० चालूच.

मोफत पार्किंग, मॉड्युलर किचन, सोन्याचे नाणे, काही घेऊ नका. तेवढी रक्कम करारमूल्यातून कमी करून मागा, म्हणजे जीएसटीही उतरतो (मुद्रांक रेकनरच्या पातळीपर्यंतच उतरेल). करारात जास्त दाखवून मागून कॅशबॅक देतो म्हणाले तर उठून या. ती बँकेची फसवणूक आहे, आणि परतावा बुडाला तर दाद मागायला कागद नाही.

बुकिंग केलेच तर: नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) प्रमाणित वाटपपत्रानुसार १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, पुढे टप्प्याटप्प्याने २ टक्क्यांपर्यंत. बिल्डरचे वाटपपत्र त्या नमुन्याशी ओळ न् ओळ ताडून बघा.

भाडेकरू_रावेत
डोळे उघडले. 'अ' बाद. आता दोनच प्रश्न. ६३.७५ हा तरी रास्त भाव आहे का, हे कसे कळणार? आणि वर्षभर थांबलो तर?

हप्तेबंद
पोर्टलवरचे भाव म्हणजे मालकांच्या इच्छा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव आणि मिळकत क्रमांक टाकून त्याच सोसायटीच्या गेल्या वर्षभरातल्या सूची २ (नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे) काढा. त्यात मोबदला आणि बाजारमूल्य शेजारी शेजारी असतात. मोबदल्याला कार्पेटने (घरातल्या वापराच्या क्षेत्राने) भागून दर काढा, सुपर बिल्टअपच्या (जिना, लिफ्ट वगैरे धरून फुगवलेल्या क्षेत्राच्या) नादी लागू नका. तीन-चार व्यवहार मिळाले की मालकाशी बोलताना नुसती घासाघीस करावी लागत नाही.

थांबण्याचा हिशोब: ४८ लाखांवर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ३.८० लाख, देखभाल ४० हजारांच्या आसपास. भाडे २.२८ लाख. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. म्हणजे भाव नुसता जागेवर राहिला तरी थांबण्यात १.९० लाख वाचतात, वर तुमच्या २१ लाखांवरचे व्याज. माझे मत: वर्षभर थांबा, साठा २६-२७ लाखांवर न्या.

मुद्रांकवाला
हिशोब बरोबर, पण १ एप्रिल विसरलात. रेकनरचा आढावा तेव्हाच होतो. तीन वर्षे दर स्थिर ठेवून १ एप्रिल २०२५ ला वाढवले होते. बाजार उतरताना रेकनर वाढला तर ती १० टक्क्यांची रेषा वर सरकते, आणि स्वस्त घर कागदावर आणखी महाग होते. थांबायचे तर हे धरून थांबा.

त्याआधी ७० हा आकडा तपासा, एजंटचे तोंडी मूल्यांकन धरू नका. मूल्य विभाग (रेकनरमधला तुमचा परिसर) बरोबर घेतला आहे का? कार्पेटवरून बांधीव क्षेत्र काढताना चूक झाली आहे का? इमारतीच्या वयाचा घसारा दिला आहे का? पाच वर्षांच्या इमारतीला नव्याचा दर लावलेली मूल्यांकने सर्रास दिसतात. ७० चे ६७ झाले तर रेषा ६०.९१ वर येते, मग ६२ ला बिनधास्त घ्या.

भाडेकरू_रावेत
तपासून घेतो. मालकाच्या थकीत कर्जाचे काय? टोकन किती द्यावे?

गच्चीवरून
टोकन ५० हजार, फार तर एक लाख. रोख अजिबात नको, बँकेतूनच. त्याआधी त्याच्या बँकेचे दोन कागद मागा: बाकी रकमेचे पत्र आणि मूळ दस्तांची यादी. बाकी तुमच्या कर्जापेक्षा जास्त निघाली तर वरची भर कोण घालणार, हे आधी ठरवा. तुमच्या बँकेचा पहिला धनादेश त्याच्या बँकेच्या नावे निघतो, दस्त सुटून थेट तुमच्या बँकेत जातात.

विसार पावतीत (टोकनच्या लेखी करारात) दोन वाक्ये हवीतच. व्हॅल्यूअरचा आकडा ६० लाखांखाली आला तर टोकन परत. वकिलाच्या ३० वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या नोंदींच्या तपासणीत) दोष निघाला तरी परत.

मुद्रांकवाला
टीडीएसही राहिला. किंमत किंवा मुद्रांक मूल्य यांपैकी मोठ्या रकमेचा १ टक्का, म्हणजे ७० धरले तर ७० हजार मालकाच्या पैशातून कापून तुम्ही आयकर खात्यात भरायचे. मालक परदेशस्थ असेल तर हा दर लागू नाही, आधी सीएला गाठा.

आणि विसार पावतीवर तारीख व किंमत स्पष्ट लिहा. ठरलेल्या रकमेचा काही भाग त्या तारखेला किंवा आधी बँकेमार्फत दिला असेल तर आयकरासाठी त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य धरता येते. मार्चमध्ये ठरवून एप्रिलमध्ये नोंदणी झाली तर याचा उपयोग होतो. मुद्रांक शुल्क मात्र नोंदवायच्या दस्तावर ज्या दिवशी सही होईल त्या दिवशीच्या दरानेच.