मॅकच्या जुन्या डिस्कवरून लिनक्सवर आणलेल्या फायली दोनदा दिसतात

प्रश्न : पोथीघर

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयातील जुनी कागदपत्रे स्कॅन करण्याचे काम मी तीन वर्षांपासून करतो आहे. आरंभीचे स्कॅन विंडोजच्या लॅपटॉपवर झाले आणि तेथून थेट लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे ईएक्सटी४ या फाइलप्रणालीवर (फायली साठवण्याच्या पद्धतीवर), गेले. त्यांचीच एक प्रत मॅकला जोडलेल्या, एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फाइलप्रणालीच्या डिस्कवर होती आणि पुढच्या दुरुस्त्या त्या प्रतीत होत राहिल्या. आता ती डिस्क आरसिंक या फायली जुळवणाऱ्या साधनाने सर्व्हरशी जुळवून घेतली, तेव्हा बहुतेक फायली जागच्या जागी अद्ययावत झाल्या, परंतु काहींच्या दोन-दोन प्रती तयार झाल्या. ‘शेतकऱ्यांची निवेदने’ हे नाव यादीत दोनदा दिसते, ‘सभेचे इतिवृत्त’ मात्र एकदाच. नावाच्या शेवटी चुकून मोकळी जागा राहिली असेल म्हणून तेही पाहिले. तसे काही नाही. शिवाय विंडोजवर विनातक्रार उघडणाऱ्या चार-पाच लांब नावांच्या फायली सर्व्हरने ‘नाव फार लांब आहे’ असे सांगून नाकारल्या. हे दुरुस्त कसे करावे, आणि दुरुस्त झाले आहे याची खात्री कशी करावी?

उत्तर : बाइटमोजणी

दोनदा दिसणाऱ्या नावांची यादी पुन्हा पाहा. त्या प्रत्येकात ‘ऱ’ सापडेल असा माझा अंदाज आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना ठरावीक संकेत (क्रमांक) देणाऱ्या पद्धतीत, हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. एक म्हणजे ०९३१ हा एकसंध संकेत, जो इन्स्क्रिप्ट कळफलकावरून उमटतो, आणि दुसरा म्हणजे साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. एचएफएस प्लस प्रत्येक नाव साठवतानाच त्याची फोड करते, त्यामुळे आपण एकसंध ‘ऱ’ दिला तरी डिस्कवर ‘र’ आणि नुक्ता अशी जोडी उतरते. ईएक्सटी४ ला अक्षरांशी कर्तव्य नसते, ती केवळ बाइट पाहते. नाव एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या साधनामधून काढून पाहिल्यास एका प्रतीत ई०-ए४-बी१ असे तीन बाइट आणि दुसरीत ई०-ए४-बी०, ई०-ए४-बीसी असे सहा दिसतील, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावेच आहेत.

सर्व्हरवरील नावे कॉन्व्हएमव्ही या साधनाने एनएफसी, म्हणजे एकसंध, रूपात आणता येतात. ‘नोटेस्ट’ हा पर्याय दिल्याशिवाय ते काहीही बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवते. तेव्हा आधी ती यादी वाचावी. जेथे दोन्ही रूपे शेजारी-शेजारी आहेत, तेथे कोणती प्रत ताजी आहे हे आपल्यालाच ठरवावे लागेल. पुढच्या वेळी मॅकवरून पाठवताना आरसिंकच्या आयकॉन्व्ह या नावांचे रूप बदलणाऱ्या पर्यायात आधी यूटीएफ-८-मॅक आणि नंतर यूटीएफ-८ असा क्रम द्यावा. हा पर्याय आरसिंक ३.० पासून आहे. मॅकसोबत दीर्घकाळ येत राहिलेल्या २.६.९ मध्ये तो नाही. एपीएफएस या मॅकच्या नव्या फाइलप्रणालीवर हलवल्याने जुनी नावे सुधारत नाहीत, कारण ती पद्धत दिलेले रूप तसेच जपते.

लांब नावांचे कारण वेगळे आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलप्रणालीची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे (देवनागरीचा एक संकेत म्हणजे एक एकक), तर ईएक्सटी४ ची २५५ बाइटची, आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. काना, मात्रा, हलन्त सारे मोजून जेमतेम ८५ संकेत बसतात. एकटा ‘शेतकऱ्यांची’ हा शब्दच ३३ बाइट खातो. नावे आखूड करण्याखेरीज येथे इलाज नाही.

उत्तर : दर्यादऱ्या

वरील निदान मला पटते, पण एनएफसीवर विसंबून राहू नये. ‘ऱ्य’ लिहिण्याचा तिसरा मार्गही प्रचारात आहे : र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे. ते पडद्यावर तसेच उमटते, मात्र युनिकोडच्या लेखी ०९३१ शी त्याचे काहीही नाते नाही, त्यामुळे कॉन्व्हएमव्ही त्याला हात लावणार नाही. ‘ॲ’ चेही तसेच. त्याचा स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोड ५.१ सोबत आला. त्याआधीच्या फायलींत ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिलेला आढळतो, आणि ही दोन रूपेही एनएफसीने एक होत नाहीत.

याहून धोक्याची गोष्ट अशी की नेहमीची, लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद न करणारी एचएफएस प्लस नावांची तुलना करताना ते जोडचिन्ह विचारातच घेत नाही. म्हणजे झेडडब्ल्यूजे वापरून लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ तिच्या लेखी एकच नाव ठरते, आणि एका फोल्डरात दोन्ही राहू शकत नाहीत. आचारी आणि आचार्य यांची अशी गल्लत शाळेत झाली तर गुण जातात, येथे फाइल जाते.

म्हणून खरी माहिती पणाला लावण्याआधी चाचणी घ्यावी. प्रत्येक फाइलप्रणालीची लहानशी डिस्क-प्रतिमा (डिस्कसारखी वापरता येणारी फाइल) तयार करून तीत ‘दऱ्या’ तिन्ही प्रकारे, ‘दर्या’, ‘ॲ’ दोन्ही प्रकारे, ८६ संकेतांचे एक नाव आणि शेवटी पूर्णविराम असलेले एक नाव, अशा फायली बनवाव्यात. प्रत्येक फायलीत तिचा स्वतःचा क्रमांक लिहावा, म्हणजे कोणी कोणाला गिळले हे कळते. किती टाकल्या, किती उरल्या आणि नावे कोणत्या बाइटांत परत आली, एवढे पाहावे. इंग्रजी नावांनी घेतलेल्या चाचणीत यातले काहीच उघडकीस येत नाही.

पोथीघर

दोघांचेही आभार. दुहेरी दिसणाऱ्या सर्व नावांत ‘ऱ’ होता. कॉन्व्हएमव्हीने बहुतेक नावे सुधारली, परंतु सहा उरली आणि त्या सहांतही झेडडब्ल्यूजे निघाले, ती हाताने बदलली. लांब नावांतील तपशील आता प्रत्येक फोल्डरातील सूचीत लिहितो. मॅकची डिस्क मात्र एवढ्यात पुसत नाही. मूळ स्कॅन ज्या मेमरी कार्डांवर आहेत, ती एकेक लावून फायलींची संख्या ताडून पाहतो आहे.