अटकळ, कयास की वावडी?

विश्रामबाग, सांगली
आमच्या गल्लीत फॉर्म्युला वन बघणारी पोरं बरीच झालीत. युरोपातली शर्यत आपल्याकडे बहुतेक संध्याकाळी साडेसहाला लागते, त्यामुळे रविवारी जेवणाआधी घोळका जमतो. त्यातला एकजण दर शर्यतीचं टिपण मराठीत लिहितो आणि मला तपासायला देतो. परवा त्याने लिहिलं, ‘गाडीच्या नव्या फ्लोअरबद्दल अफवा पसरल्या आहेत.’ (फ्लोअर म्हणजे गाडीचा तळ.) मी ‘अफवा’ खोडून ‘अटकळी’ केलं. तो म्हणतो, दोन्ही एकच. मला पटत नाही, पण फरक नीट सांगताही येईना. शिवाय ‘अटकळी लावल्या जात आहेत’ असं बातम्यांत सर्रास दिसतं. ते बरोबर आहे का?

जुना मास्तर, मिरज
शेवटचं आधी घेतो. मराठीत अटकळ बांधतात. ‘लावणं’ हिंदीतून आलंय.
आता अर्थ. शब्दाच्या शेजारी कोणतं क्रियापद बसतं ते बघा. अटकळ बांधतात, कयास आणि अंदाजही बांधतात, तर्क करतात किंवा लढवतात. म्हणजे ते करणारा कोणी तरी असतो आणि त्याला ‘कशावरून?’ असं विचारता येतं. अफवा पसरते, आवई उठते, वावड्या उठतात. तिथे माणूस गायब. कंडी पिकवतात आणि पुडी सोडतात, तिथे माणूस असतो पण त्याचा हेतू सरळ नसतो. तुमच्या पोराला विचारा, फ्लोअर बदलला हे कशावरून? उत्तर आलं तर तुमची दुरुस्ती बरोबर. नाही आलं तर त्याचीच ‘अफवा’ ठेवा.

कुपवाड एमआयडीसी
मास्तरांची कसोटी बाकूच्या शर्यतीला लावून बघा. १५ सप्टेंबर २०२४, गणपती बसलेले, मांडवात बसून आम्ही मोबाइलवर शर्यत बघत होतो. पियास्त्री या चालकाच्या मॅक्लारेन गाडीवरच्या, मागे बघणाऱ्या कॅमेऱ्यात दिसलं की वेग वाढला की मागच्या विंगमधल्या, म्हणजे आडव्या पंखातल्या, वरच्या पट्टीची पुढची कड किंचित उचलली जाते आणि दोन पट्ट्यांमधली फट रुंदावते. फट वाढली की हवेचा अडथळा कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी जास्त पळते. डीआरएस, म्हणजे चालकाने मागच्या विंगची पट्टी उघडायचं यंत्र, हेच काम करायचं, पण ते ठरलेल्या टप्प्यातच आणि पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलात तरच उघडता यायचं. इथे पियास्त्री पुढे, लेक्लेर्क मागून डीआरएस उघडून येतोय, तरी ओलांडता येईना.
लोकांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला आणि त्याला ‘मिनी डीआरएस’ नाव पडलं. विंगला वजन लावून ती किती वाकते हे तपासायच्या चाचणीत ती पास होती, त्यामुळे बेकायदा ठरली नाही. पण शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयए या संस्थेशी बोलणं झाल्यावर मॅक्लारेनने तिच्यात बदल करायचं मान्य केलं. ही अटकळ, कारण बोट ठेवून दाखवता येईल असं काही तरी होतं.

वाई
‘वावड्या उठवतात’ असंही म्हणतो की आपण. मग माणूस गायब कुठे झाला?
आणि वावडी म्हणजे मुळात मोठा पतंग. हवेच्या जोरावर वर जातो तो. फॉर्म्युला वनची विंग नेमकं उलटं करते, हवेच्या जोरावर गाडी खाली दाबते. विमानाचा पंख पालथा घालून बसवला तर होईल तसं. विंगबद्दलच्या खोट्या बातमीला वावडी म्हणायला मला तरी मजा येते.

जुना मास्तर, मिरज
‘उठवतात’ मान्य. पण कोणी उठवली हे बहुधा कळत नाही, म्हणून तर ती वावडी.

तासगाव
मास्तर, हूल राहिली की! १९७८ ला स्वीडनमध्ये ब्रॅबहॅम संघानं गाडीच्या मागं भला मोठा पंखा लावला. विचारलं तर म्हणे इंजिन थंड करायला. थंड करत होताच तो, पण गाडीखालची हवा उपसून गाडी रस्त्याला चिकटवतही होता. त्यांच्या लाउडानं ती शर्यत मारली आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. दुसऱ्या संघांनी आधीच ओळखलं होतं. त्यांची ती अटकळ आणि ब्रॅबहॅमची ती हूल.

जुना मास्तर, मिरज
इंजिनाचं सांगितलं ती सबब. हूल म्हणजे एकीकडे जातोय असं दाखवून दुसरीकडे जाणं, कबड्डीत चढाई करणारा देतो तशी.

विश्रामबाग, सांगली
मग २०२२ ची मर्सिडीज हूल म्हणता येईल. फेब्रुवारीत चाचणीसाठी बार्सिलोनाला साधे साइडपॉड, म्हणजे चालकाच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग, घेऊन आले आणि मार्चमध्ये बहारीनला आले तेव्हा साइडपॉड जवळजवळ नाहीतच. मुद्दाम लपवलं की तयारच नव्हतं, ते त्यांचं त्यांना माहीत. मात्र त्या गाडीने सरळ रस्त्यावर अशा उड्या मारल्या की दोष नव्या साइडपॉडचा का तळाखालच्या हवेचा, यावर आमच्या गल्लीत रात्रभर भांडणं. पुढच्या वर्षी मोनॅकोत त्यांनी ते साइडपॉड सोडून दिले.

कऱ्हाड
‘अनुमान’ कोणी काढलंच नाही. हल्ली ‘पावसाचं अनुमान’ असं लिहितात, तिथे खरं तर अंदाज हवा. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला म्हणून आग आहे असं म्हणणं, ते अनुमान. चाचणीच्या वेळी गाडीला तेलात कालवलेला हिरवा, केशरी रंग फासतात. वेगात हवा जाईल तशा त्याच्या रेघा ओढल्या जातात. त्या रेघा बघून हवा कुठे वळते हे सांगणं, हे माझ्या मते अनुमान. अटकळीपेक्षा एक पायरी वर.
कयास वेगळा. मूळ अरबीत एका गोष्टीच्या साम्यावरून दुसरीबद्दल ठरवणं असा अर्थ आहे. २०२२ मध्ये ॲस्टन मार्टिनची सुधारलेली गाडी स्पेनमध्ये आली, ती रेड बुलसारखी दिसत होती. ‘साइडपॉड तसे, म्हणजे आतली हवाही तशीच फिरवली असणार’ हा कयास. ‘म्हणजे माहिती चोरली’ ही मात्र अफवाच ठरली. एफआयएने तपासलं आणि काही गैर आढळलं नाही.

वाई
सामान्य वाचक एवढ्या पायऱ्या पाळणार नाही. माझ्यासारखा माणूस कयास आणि अंदाज एकाच वाक्यात आलटून पालटून वापरतो आणि काही बिघडत नाही. अफवा तेवढी बाजूला ठेवली की झालं. एक ‘सट्टेबाजी’ मात्र हाकलून द्या. चाहत्यांच्या चर्चेला कोणी तरी सट्टेबाजी लिहिलेलं वाचलं आणि मला वाटलं पोलीस आले.

कुपवाड एमआयडीसी
२०२६ पासून डीआरएस गेलं. आता पुढच्या आणि मागच्या, दोन्ही विंगच्या पट्ट्या सरळ रस्त्यावर नियमानेच सपाट होतात.

तासगाव
मग कड उचलतीया का बघत बसण्यात काय राम राहिला? आता अटकळ बांधायची कशावर?

कुपवाड एमआयडीसी
तळावर. तो कायम झाकलेला, तुमच्या-आमच्या फोटोत येत नाही. २०२३ ला मोनॅकोत रेड बुलचा पेरेझ पात्रता फेरीत भिंतीला धडकला आणि क्रेनने त्याची गाडी उंच उचलली, तेव्हा कुठे तिचं बूड जगाला दिसलं. बाकीच्या संघांचे इंजिनिअर ते फोटो किती दिवस चाळत बसले असतील, बांधा अटकळ.

तासगाव
क्रेनवाल्याला नारळ द्यायला पाहिजे.